घरच्या बिअरने माणूस आजारी पडतो का?

जानेवारी 2015. मोझांबिकच्या तेते प्रांतातलं चितिमा गाव. एका अंत्यविधीनंतर जमलेले लोक ‘पोंबे’ प्यायले. पोंबे म्हणजे तिथे घरोघरी होणारी बिअर. 75 माणसं दगावली, आणखी कितीतरी रुग्णालयात पोचली. जिने ती केली होती ती बाईसुद्धा वाचली नाही. पिंपात कुणीतरी मगरीचं पित्त कालवलं, अशी अफवा लगेच पसरली.

तपासात निघालं ते वेगळंच. बिअर ज्या मक्याच्या पिठाची होती, ते खराब झालेलं होतं आणि त्यात बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली हा जिवाणू वाढला होता. तो बाँगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. आपल्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियात ऊर्जा बनत असते. हे विष त्या ऊर्जेची बाहेर पडायची वाटच अडवतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळून ते जातही नाही. इंडोनेशियात नारळाचा चोथा आंबवून केलेल्या ‘तेंपे बोंगक्रेक’ या पदार्थाने पूर्वी अनेकांचे जीव गेले तेही याच विषामुळे, नाव तिथूनच आलं.

आता बार्लीच्या नेहमीच्या बिअरचं बघू. माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या बार्लीचा, गोड काढा तासभर उकळतो, तिथेच बहुतेक जंतू मरतात. मग हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा काही जिवाणूंना रोखतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, आंबटपणा वाढवतं, प्राणवायू संपवतं. अशा द्रवात साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तग धरणं फार अवघड. भांडी नीट धुतली नसतील तर लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू शिरतो आणि बिअर आंबट होते. ती ओतून द्यावीशी वाटेल, पण तिने सहसा कुणी आजारी पडत नाही. मला जास्त भीती वाटते ती बाटलीची. साखर उरलेली असताना बूच लावलं, तर आत वायू साठत जातो आणि काच फुटून डोळ्यात जाऊ शकते.

आपल्याकडे हा विषय निघाला की मालवणीची आठवण येतेच. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं. पण ते आंबवताना तयार झालेलं नव्हतं, कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांमधल्या पेक्टिन या घटकापासून. बार्लीत पेक्टिन नगण्य, त्यामुळे बिअरमध्ये ते धोक्याच्या पातळीला पोचत नाही.

म्हणून घरी बिअर करणाऱ्याला मी आधी यीस्टबद्दल विचारणार नाही, धान्य कुठे आणि कसं साठवलं होतं ते विचारेन. ओल लागलेल्या धान्यावरच्या बुरशीची विषंही उकळण्याला सहसा दाद देत नाहीत. चितिमाच्या पिठात तर त्या जिवाणूसोबत ऱ्हायझोपस ही बुरशीही होती, आणि प्रयोगशाळेत दोघांना एकत्र वाढवल्यावर जिवाणूने अधिकच विष तयार केलं.