धावपट्टीचा अप्रोच वेगळा, प्लॅटफॉर्मचा वेगळा

पावसाळ्यात जुहूहून उडालेलं हेलिकॉप्टर समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रापर्यंत जाऊन न उतरताच परतलं आणि क्रू चेंज, म्हणजे कामगारांची पाळी बदलणं, लांबला, की पनवेल-उरणच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘आता सगळं जीपीएसवर चालतं ना, मग उतरायला काय झालं?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विमानतळ असतो, आणि नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून तर जास्तच. उपग्रहाच्या आधारे धावपट्टीवर उतरणं आणि उपग्रहाच्या आधारे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मकडे जाणं या दोन गोष्टी लोक सर्रास एक समजतात. उतरण्यासाठी असं जवळ येणं म्हणजेच ‘अप्रोच’.

धावपट्टीचं बहुतेकांना माहीत असतं. ती हलत नाही, तिची दिशा ठरलेली असते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ प्रणाली जीपीएसमधली चूक सुधारते, आणि सिग्नल भरवशाचा राहिला नाही तर काही सेकंदांत वैमानिकाला कळवते. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला गगनच्या आधारे उतरलं.

खरी गोम आहे ती नेम कुठे धरायचा यात. धावपट्टीकडे येणारी रेषा थेट धावपट्टीवर रोखलेली असते. ठरलेल्या उंचीपर्यंत काही दिसलं नाही, तर इंजिनाची ताकद वाढवून वर जायचं. तो वर जाण्याचा मार्ग आधीच तपासून मोकळा ठेवलेला असतो. प्लॅटफॉर्मवर हाच हिशोब लावला तर समोर काय येईल? डेरिक म्हणजे ड्रिलिंगचा मनोरा, क्रेन, वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा लांब हात, सगळं पोलाद. म्हणून इथे शेवटची रेषा मुद्दाम प्लॅटफॉर्मला एका बाजूला ठेवून जाईल अशी धरतात. युरोपच्या नियमांत हेलिकॉप्टरमधल्या रडारवरच्या अप्रोचसाठी साधारणपणे 0.75 सागरी मैलावर, म्हणजे सुमारे 1.4 किलोमीटरवर, निर्णय घ्यावा लागतो. तोवर दिवसा 200 फुटांच्या आणि रात्री 300 फुटांच्या खाली यायचं नाही. प्लॅटफॉर्म दिसला तर डोळ्यांनी बघत हेलिडेककडे, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या सपाट जागेकडे, वळायचं. नाही दिसला तर दूर वळून वर चढायचं. उपग्रह वापरला तरी हे तत्त्व तेच राहतं. हेलिडेकवरच्या ‘एच’पर्यंत उपग्रह कुणाला नेऊन सोडत नाही, त्यामुळे या प्रकाराला ‘ऑटो-लँडिंग’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

शिवाय ही रेषा कायमची आखलेली नसते. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन येतं, त्यामुळे वारा फिरला की रेषाही फिरते.

आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. उपग्रहामुळे कळतं ते तुमचं हेलिकॉप्टर कुठे आहे हे. प्लॅटफॉर्म कुठे आहे हे कळतं ते कुणीतरी यंत्रात भरलेल्या अक्षांश-रेखांशांवरून. तळाशी कायम रोवलेल्या प्लॅटफॉर्मचं ठीक आहे. पण समुद्रतळावर पाय टेकून उभी राहणारी जॅक-अप रिग पाय वर घेऊन टग बोटीच्या मदतीने दुसऱ्या विहिरीवर जाते, आणि यादीत जुना आकडा राहिला तर हेलिकॉप्टर अगदी अचूकपणे चुकीच्या जागी पोचेल. न्हावा इथल्या तळावरून सामान घेऊन आलेली आणि रिगला खेटून उभी असलेली सप्लाय बोट तर कुठल्याच यादीत नसते. ती दिसते रडारवर.

म्हणून ‘उपग्रह आले, आता रडार कशाला’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. रडारलाही मर्यादा आहेत. हेलिकॉप्टरवरचं हे यंत्र मुळात हवामान बघण्यासाठीचं, आणि प्लॅटफॉर्म व त्याला चिकटलेली बोट त्यावर एकच ठिपका होऊन बसतात. नेमका कोणता ठिपका आपला, हे पडताळायला उपग्रहाचा बिंदू हवा; त्या बिंदूवर खरंच काही उभं आहे का, हे बघायला रडार हवं. आणि ठिपका बिंदूवर बसत नसेल, तर त्या अप्रोचमध्ये आणखी खाली येऊ नये, यावर मी ठाम आहे.