बेटाच्या पोटातलं गोडं पाणी

सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलेला माणूस हमखास सांगतो की चारी बाजूंनी समुद्र असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी गोड्या आहेत. कारण विचारलं की कुणी चमत्कार म्हणतं, तर कुणी म्हणतं, समुद्राचं पाणी वाळूतून गाळून गोडं होतं. दुसरं उत्तर शास्त्रीय वाटतं, पण तेही चूकच. विरघळलेलं मीठ वाळूत अडकत नाही. बेटावरच्या विहिरीत येतं ते मुरलेलं पावसाचं पाणी.

मालवणचं ते बेट खडकाळ आहे. ही किमया स्वच्छ दिसते ती लक्षद्वीपमध्ये. प्रवाळाच्या वाळूची ही बेटं, सगळी मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन, नदी एकही नाही. २०११ च्या जनगणनेत इथे ६४ हजारांवर माणसं होती. वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि थेट वाळूत उतरतो. पण खालच्या वाळूत समुद्र आधीच शिरलेला असतो. मग गोडं पाणी त्याच्यात हरवत का नाही?

उत्तर वजनात आहे. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो भरतं, समुद्राचं सुमारे १०२५ किलो. म्हणजे ४१ मीटर उंचीचा गोड्या पाण्याचा स्तंभ आणि ४० मीटर उंचीचा खाऱ्या पाण्याचा स्तंभ तळाशी सारखाच दाब देतात. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर समतोल साधायला ते खाली ४० मीटरपर्यंत जायला हवं. खाऱ्या पाण्यावर तरंगणारं हे मधे जाड, कडेला पातळ असं भिंग. गायबेन या डच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ साली हे गणित स्वतंत्रपणे मांडलं. वाळूच्या बारीक फटींत पाणी इतकं सावकाश सरकतं की दोन्ही पाणी घुसळली जात नाहीत. मधे फक्त मचूळ पाण्याचा पट्टा तयार होतो.

प्रत्यक्षात भिंग इतकं खोल जात नाही. प्रवाळबेटाची वाळू साधारण पंधरा-वीस मीटरवर संपते आणि खाली जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक लागतो. त्यातून समुद्र मोकळा फिरतो, गोडं पाणी तिथे पोचलं की मिसळून जातं. भरतीचा दाबही याच खडकातून खालून वर येतो, म्हणून बेटाच्या मध्यावरच्या विहिरीची पातळीसुद्धा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते.

आता हेच गणित उलटं लावा. पंपाने पातळी १० सेंटिमीटर उतरली, की खालचं खारं पाणी ४ मीटर वर चढू पाहतं. आपल्याकडे हातावर नारळ ठेवून पाणी शोधणाऱ्या पाणाड्याला लोक आजही पैसे देतात. अशा बेटावर तो कुठेही बोट दाखवो, दोन-तीन मीटरवर पाणी लागणारच. खरं कसब आहे ते खोदणं वेळीच थांबवण्यात. म्हणूनच प्रशांत महासागरातल्या किरिबातीच्या तारावा बेटावर खोल बोअर न मारता पाण्याच्या पातळीलगत आडवे सच्छिद्र पाइप पुरून वरचं पाणी हलकेच काढतात. तिथले लोक तर पिढ्यान् पिढ्या या पातळीपर्यंत खड्डे खणून अळूच्या जातीचा कंद पिकवत आले आहेत.

मालदीवची राजधानी मालेचं भिंग उपसा आणि सांडपाण्याने पिण्यालायक राहिलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवावं लागलं.

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या उबदार आणि खोल थंड पाण्याच्या तापमानातल्या फरकावर रोज एक लाख लिटर गोडं पाणी बनवणारा प्रकल्प आहे. तरी घराची विहीर आणि संडासाची टाकी एकाच वाळूत, काही मीटरवर असतात, ही मोठी अडचण राहतेच. नारळाची मुळं ज्या पाण्यावर जगतात तेच पाणी कडेने झिरपत लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ समुद्रात जातं. त्यात मैल्यातला नायट्रोजन असेल तर लगूनमध्ये शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. विहिरीत क्लोरीन टाकून पिणाऱ्याची सोय होते, प्रवाळाची नाही. त्याला टाक्यांऐवजी बंदिस्त मैलावाहिन्या आणि मैलाशुद्धीकरणच हवं.