युटातल्या लोहगोट्या आणि मंगळावरच्या ‘ब्लूबेरी’

युटातली गोटी आणि मंगळावरची गोटी यांचे फोटो शेजारी ठेवून मोजपट्टी झाकली, तर भूगर्भशास्त्राचा विद्यार्थीही फसेल इतक्या या दोन्ही सारख्या दिसतात. दोन्ही गोल, काळपट, खडकातून सुटून जमिनीवर पसरलेल्या. दोन्हींत लोह आहे आणि दोन्ही भूजलाने घडवल्या, हेही खरं. पण त्यावरून ‘पृथ्वीवर आहे तेच मंगळावर’ असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या गोट्यांना ‘मोकी मार्बल’ म्हणतात. त्या नवाहो वालुकाश्मातून निघतात. जुरासिक काळात, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, तिथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं, त्याचाच हा खडक झाला. वाळूच्या कणांवर हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचा, पातळ लेप असल्यामुळे तो लालसर दिसतो. काही पट्ट्यांत मात्र तो पांढराफटक पडलाय, आणि गोट्यांतलं लोह तिथूनच आलंय.

लोहाचा स्वभाव असा की पाण्यात ऑक्सिजन असला तर ते जवळजवळ विरघळत नाही, ऑक्सिजन नसला की सहज विरघळतं. युटा विद्यापीठातल्या मार्जरी चॅन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेलं चित्र साधारण असं: मिथेनसारखे हायड्रोकार्बन वायू विरघळलेलं भूजल खडकातून फिरलं, त्याने कणांवरचा लाल लेप विरघळवून नेला, आणि पुढे ऑक्सिजन असलेलं पाणी भेटलं तिथे ते लोह वाळूच्या फटींत साचलं.

पण गोटी फोडून पाहा. बाहेर काळं-तपकिरी कडक कवच आणि आत फिकट वाळू, कधी इतकी भुसभुशीत की नखाने खरवडून निघावी. लोह फक्त कडेलाच का? नेब्रास्का विद्यापीठातले डेव्हिड लूप म्हणतात, यात मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड. त्याने भारलेल्या पाण्यातून आधी सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, गोळ्यांच्या रूपात साचलं. नंतर बाहेरून ऑक्सिजनचं पाणी आलं, सिडेराइट विरघळत गेलं, आतलं लोह कडेकडे सरकलं आणि तिथे त्याचं कवच झालं. सूक्ष्मजीवांनीही हातभार लावला असावा. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये वेगळा क्रम सुचवला: आधी कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, गोळे होते, आम्लधर्मी लोहयुक्त पाण्याने ते विरघळवले आणि आम्लाचा जोर ओसरला त्या कडेवर लोह बसलं. कवचाचा उलगडा मला या दोन मांडण्यांत जास्त पटतो. एकच मार्ग सगळीकडे लागू पडेल, असंही नाही.

आता मंगळ. नासाचा ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर २५ जानेवारी २००४ रोजी मेरिडियानी प्लॅनम या मैदानावर उतरला. कक्षेतून तिथे हेमॅटाइट दिसलं होतं, म्हणूनच ती जागा निवडली होती. तिथे ज्या गोट्या सापडल्या, त्यांनाच ‘ब्लूबेरी’ म्हणतात; त्या बहुतेक ६ मिलिमीटरच्या आतल्या. युटात वाटाण्यापासून क्रिकेटच्या चेंडूएवढ्या आणि त्याहून मोठ्याही मिळतात. रोव्हरने काही घासून पाहिल्या, तर आत कवच नाही, वाळूचा गाभा नाही, सगळं एकसारखं. शिवाय मोकी मार्बलच्या कवचातही क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचेच, कण ठासून भरलेले असतात. मंगळावरच्या गोट्या मुख्यतः हेमॅटाइटच्या.

भोवतालचा खडकही वेगळा: बेसॉल्टच्या झिजेतून आलेला, सल्फेटने भरलेला, आणि त्यात जॅरोसाइट, म्हणजे लोहाचं एक सल्फेट. हे खनिज आम्लधर्मी पाण्यातच तयार होतं. (आपल्या शेजारी कच्छमध्ये माता नो मढ इथे बेसॉल्टच्या प्रदेशात जॅरोसाइट मिळतं, त्यामुळे मंगळाचे अभ्यासक तिकडेही जातात.) म्हणजे लोह तिथल्याच खनिजांतून सुटलं असावं, वायूंनी लाल लेप धुऊन दूर नेण्याची तिथे गरज नव्हती. नागोयाच्या गटाने मात्र कार्बोनेटच्या गोळ्यांचा आपला मार्ग मंगळालाही लावून पाहिला आहे.

त्यात आणखी एक घोळ. सप्टेंबर २०१२ मध्ये एंडेव्हर विवराच्या कडेला रोव्हरला गोट्यांनी गच्च भरलेला खडक दिसला. गोट्या जेमतेम ३ मिलिमीटरच्या, बाहेरून टणक, आतून मऊ. वर्णन ऐकून मोकी मार्बलच आठवावेत, पण त्यांत लोहाचं प्रमाण ब्लूबेरींइतकं जास्त नव्हतंच. जुन्या ब्लूबेरींहून या रचनेने आणि घटकांनी वेगळ्या आहेत, असं मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांनी तेव्हाच सांगितलं.