जुन्या सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारची पारख

साधारणपणे १९५० ते १९८० या काळात, मुख्यतः अमेरिकेत तयार झालेल्या भरीव लाकडी अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारचा अस्सलपणा, बांधणी, विद्युत भाग आणि वादनयोग्यता तपासून तिचे मोल ठरविण्याच्या पद्धतीला अशा गिटारची पारख म्हणतात. पोकळ अंगाची गिटार मोठ्या आवाजाच्या अँप्लिफायरसमोर अनावर घुमू लागते. भरीव अंगाने ही अडचण बरीचशी दूर केली आणि त्यामुळेच रॉक संगीताला हवा असलेला प्रचंड, लांबणारा स्वर शक्य झाला. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कंपनीने १९५१ मध्ये टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर या नावांनी, तर मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल या नावाने काढलेल्या गिटारी आजही या पारखीचे मुख्य विषय आहेत.

जुन्या गिटारीला दोन वेगळी मोले असतात. संग्राहक मूळ रंग, मूळ पिकअप (तारांची थरथर टिपून तिचा विद्युत संकेत करणारे भाग), मूळ फ्रेट (मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या), एवढेच काय मूळ सोल्डरसुद्धा मोजतो. वादकाला मात्र ती हातात कशी बसते आणि अँप्लिफायरमधून कशी बोलते, याच्याशी कर्तव्य असते. पुन्हा रंगविलेल्या गिटारीची किंमत बाजारात बहुधा निम्म्याच्या आसपास येते, पण तिच्या स्वरात त्या प्रमाणात घट झालेली नसते. त्यामुळे रॉक वादकाने पारख मानेपासून सुरू करावी आणि रंग सर्वांत शेवटी पाहावा, हा क्रम रास्त ठरतो. विक्रेते नेमके उलट करतात.

मान तपासताना सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान अंगाला मिळते तेथील फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरतात. ताणलेली तार अशा वेळी सरळ पट्टीचे काम करते आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली, तर मानेचा बाक ठीक समजावा. फट बरीच मोठी असेल तर मानेचा बाक आवरणारी, तिच्या आतील पोलादी सळई म्हणजे ट्रस रॉड कसून ती कमी करता येते. परंतु रॉडचा नट आधीच पूर्ण आवळलेला असूनही मान वाकलेली असेल, तर दुरुस्ती महाग पडते आणि तेथेच व्यवहार थांबविलेला बरा. गिब्सनमध्ये हा नट डोक्यावरील छोट्या झाकणाखाली असतो. जुन्या फेंडरमध्ये तो मानेच्या टाचेत असल्याने मानेचे स्क्रू सैल केल्याशिवाय नीट फिरविता येत नाही. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि आकसते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात पाहिलेल्या मानेचा बाक उन्हाळ्यात तसाच राहील असे धरून चालू नये. रॉडला दोन्ही दिशांना फिरायला वाव आहे ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

फ्रेटबोर्डची, म्हणजे फ्रेट बसविलेल्या मानेवरील फळीची, गोलाईही येथेच पाहावी. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच उठावदार असते. तारा फ्रेटच्या अगदी जवळ ठेवून बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण स्वराचा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला खेचून स्वर चढविला, की तार मधल्या उंचवट्याला टेकून स्वर गुदमरतो. गिब्सनची बारा इंची गोलाई या बाबतीत सोयीची आहे. फ्रेट झिजून सपाट झालेले असतील तर ते बदलावे लागतात. संग्राहक त्याचे पैसे कापतो, पण वाजविण्यासाठी घेतलेल्या गिटारीत चांगले नवे फ्रेट हा गुणच मानला पाहिजे.

गिब्सनचे डोके मानेशी चौदा ते सतरा अंशांनी मागे झुकलेले असते आणि ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड नेमके तेथेच कोरलेले असते, त्यामुळे गिटार आडवी पडली की बहुतेक वेळा याच जागी तडा जातो. नटाच्या मागच्या बाजूला दिवा तिरपा धरल्यास केसाएवढी रेघ किंवा रंगातील बारीक फरक दिसून येतो. नीट चिकटवलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो, आणि अशी सांधलेली गिटार अस्सल जुन्या स्वरासाठी वादकाला परवडणारी वाट आहे, अट एवढीच की दुरुस्ती लपविलेली नसावी.

पिकअपच्या बाबतीत सर्वाधिक दबदबा गिब्सनच्या १९५७ पासूनच्या हंबकरचा, म्हणजे विजेची गुणगुण दाबणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा आहे. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी आखलेल्या या पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिकटपट्टी असे. दोन वेटोळ्यांतील फेरे सारखे नसत, चुंबकही एकाच प्रतीचे नसत. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गिटारी वेगळ्या वाजतात आणि ओहममापकावरील सात ते नऊ हजार ओहमचा आकडा स्वराबद्दल फारसे सांगत नाही. हे पिकअप मेणात बुडविलेले नसत, त्यामुळे मोठ्या गेनला, म्हणजे संकेत खूप वाढविला की, ते किंचाळू शकतात. याची चाचणी सोपी आहे. अँप्लिफायर मंचावर ठेवतात तितका मोठा करून दोन्ही तळव्यांनी तारा पूर्ण दाबाव्यात. आवाज थांबला तर तो तारांचा फीडबॅक (अँप्लिफायरच्या आवाजाने तारा पुन्हा थरथरून घुमणे) होता, जो रॉक वादकाला हवाच असतो. किंकाळी चालूच राहिली तर दोष पिकअपमध्ये आहे. काही दोष मात्र वैशिष्ट्य ठरले आहेत. फ्लीटवुड मॅक बँडचे गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमधील मानेजवळच्या पिकअपचे चुंबक उलटे होते आणि दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर येणारा तिचा पोकळ, अनुनासिक स्वर तिची ओळख बनला. ती पुढे गिटारवादक गॅरी मूर आणि नंतर मेटॅलिका बँडचे कर्क हॅमेट यांच्याकडे गेली.

काळ ठरविताना एका खुणेवर विसंबू नये. पॉटच्या (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालील विद्युत भागाच्या) पाठीवरील आकड्यांत पहिले तीन उत्पादकाचे, त्यानंतरचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे असतात; १३७६६३२ म्हणजे सीटीएस कंपनीचा १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातील पॉट. तरीही यावरून एवढेच कळते की गिटार त्याआधीची नाही, कारण फेंडरने १९६६ मध्ये घेतलेला पॉटचा मोठा साठा पुढे काही वर्षे वापरला. फेंडरच्या मानेच्या टाचेवर १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने आणि नंतर शिक्क्याने तारीख घातलेली आढळते. गिब्सनचे १९६० च्या दशकातील क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले गेल्याने एकटा क्रमांक निरुपयोगी ठरतो. जुन्या गिटारींवरील नायट्रोसेल्युलोज लॅकर कालांतराने पिवळसर पडून बारीक भेगाळते आणि अतिनील दिव्याखाली हिरवट चमकते. नंतर मारलेला रंग त्याच उजेडात गडद डागासारखा उठून दिसतो.

फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली आणि त्यानंतरच्या गिटारी बाजारात दुय्यम मानल्या जातात. १९७० च्या दशकातील जड अंगे, जाड पॉलिएस्टर रंग आणि तीन स्क्रूंच्या सैल माना पाहता हा समज निराधार नाही, परंतु सरसकट खराही नाही: वुडस्टॉक संगीत महोत्सवात १९६९ मध्ये जिमी हेंड्रिक्स यांनी वाजविलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर सीबीएस काळातलीच होती. पिंक फ्लॉइड बँडचे डेव्हिड गिलमोर यांची १९६९ ची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली, आणि तिची मान व पिकअप अनेकदा बदललेले होते. ही किंमत वादकाची आहे. तशाच बदलांच्या दुसऱ्या गिटारीला ती लावता येत नाही.

फ्रेटबोर्डच्या लाकडाचा प्रश्न किमतीपेक्षा कायद्याचा अधिक आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरले जाणारे ब्राझिली रोझवुड (शिसवाचा एक प्रकार) १९९२ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात असून ते असलेली जुनी गिटार परवान्याशिवाय विक्रीसाठी सीमेपार नेता येत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर दोन्ही कंपन्यांनी भारतीय शिसवाकडे मोर्चा वळविला, जे सह्याद्रीच्या जंगलांतही वाढते. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण प्रजातीवर आलेल्या निर्बंधांतून तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. ब्राझिली लाकडाला ती लागू नाही, म्हणून परदेशातून १९५९ ची गिटार मागविताना विक्रेत्याकडे निर्यात परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे लागते.