निशिगंधाचा दणदणाट : ‘फ्राका’ या अत्तरामागची गोष्ट

कोणत्या स्वभावाच्या बाईला कोणतं परफ्यूम शोभतं, याच्या याद्या सगळीकडे वाचायला मिळतात. त्यात ‘फ्राका’चं नाव आलं की वर्णन ठरलेलं असतं : खोलीत शिरल्याबरोबर सगळ्यांच्या माना वळवणारी, कुणाची भीड न बाळगणारी बाई. बुजऱ्या बाईने या बाटलीच्या वाटेला जाऊ नये, असाही सल्ला असतो. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थच मुळी मोठा आवाज, दणदणाट.

आणि आत काय आहे? निशिगंध. आपली गुलछडी.

मराठी माणसाला हे वाचून थबकायला होतं. आपल्याकडे ही फुलं बाजारात किलोवर मिळतात. देवाला, वेणीत, नवरदेवाच्या गाडीवर, सभेतल्या पाहुण्याच्या गळ्यात आणि तिरडीवरही निशिगंधाचाच हार असतो. मुलीचं नाव निशिगंधा ठेवताना ती पुढे धीट निघेल की लाजरी, असा विचार कुणी करत नाही. मग हा स्वभाव फुलाला चिकटला कुठे?

फूल मूळचं मेक्सिकोचं. तिथून ते युरोपात गेलं आणि फ्रान्समध्ये चौदाव्या लुई राजाच्या, व्हर्सायमधल्या ट्रियानॉन महालाच्या बागेत लागलं. संध्याकाळी त्याचा वास इतका दाटायचा की दरबारी मंडळींना तिथून उठून जावं लागे, असं त्या काळच्या लिखाणात येतं. भारावून टाकणारं, डोकं फिरवणारं फूल ही ओळख तिथे तेव्हापासूनची. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय शिष्टाचार कडक झाले, तेव्हा घरंदाज बाईने गुलाब, लव्हेंडर, व्हायोलेट असे हलके वास वापरावेत आणि कस्तुरीसारखे जड, मादक वास टाळावेत, असा दंडक होता. म्हणजे अत्तरावरून आधी बाईचं चारित्र्य ठरवलं जाई. स्वभावाचा प्रश्न फार नंतर आला.

तो येण्याचं कारण माझ्या मते रसायनशाळेत सापडतं. 1868 मध्ये विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने कुमारिन हे वाळल्या गवताच्या वासाचं रसायन कृत्रिमरीत्या तयार केलं, पुढच्या दशकात व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन बनलं. उबिगाँ आणि गेर्लँ या फ्रेंच अत्तर घराण्यांची 1882 चं ‘फुजेर रोयाल’ आणि 1889 चं ‘झिकी’ ही अत्तरं कोणत्याही एका फुलाचा वास देत नव्हती. 1921 मध्ये एर्नेस्ट बो या अत्तरकाराने गाब्रिएल शनेल या कपडेकार बाईसाठी ‘नंबर 5’ बनवलं, तेव्हा जाई आणि गुलाबावर अल्डिहाइड्स या कृत्रिम रसायनांचा असा झळझळीत थर चढवला की आतली फुलं वेगवेगळी ओळखता येईनात. गुलाबाचं अत्तर गुलाबाचं म्हणून विकता येतं. ज्या वासाला फुलाचं नाव नाही, तो काय सांगून विकायचा? मग बाई सांगितली गेली. शिवाय आता अत्तरं विकत होती ती कपड्यांची घराणी, आणि आपलं कापड कोणती बाई नेसणार याचं चित्र त्यांच्याकडे आधीपासूनच तयार होतं.

रॉबेर पिगे हा असाच एक पॅरिसमधला स्विस कपडेकार. पुढे स्वतः नामवंत कपडेकार झालेल्या क्रिस्तियाँ दिओर आणि ह्युबेर द जिव्हाँशी यांनी उमेदवारीच्या काळात त्याच्याकडे काम केलं. त्याची अत्तरं बनवली झेर्मेन सेलिए या बाईने. ती बोर्दोची, रसायनशास्त्र शिकलेली. हा धंदा तेव्हा जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचा होता आणि त्यात तिने स्वतःच्या तंत्राने काम केलं. एखादा घटक चिमूटभर घालायचा असा रिवाज असेल, तर ती ओंजळभर घाले.

तिने पिगेसाठी 1944 मध्ये ‘बांदी’ (फ्रेंचमध्ये डाकू) हे अत्तर केलं. त्यात आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचं कडवट, कमावलेल्या चामड्याच्या आणि धुराच्या वासाचं रसायन तिने सढळ हाताने वापरलं. चारच वर्षांनी, 1948 मध्ये, ‘फ्राका’ आलं : निशिगंध, नारिंगाची फुलं, जाई, सगळं लोण्यासारखं मऊ आणि भरगच्च. वर्षभर आधीच दिओरने वारेमाप कापडाचे घेरदार झगे आणले होते. युद्धातल्या काटकसरीला कंटाळलेल्या पॅरिसला भरगच्चपणा हवा होता, आणि माझ्या नजरेत ‘फ्राका’ हा त्या घेराचाच वास आहे. बनवणारी तीच, घराणं तेच, आणि तरी दोन बाटल्यांतल्या दोन बायका एकमेकींशी बोलणारही नाहीत! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. हे स्वभाव फुलांनी सोबत आणलेले नाहीत, सेलिएने ते रचले आहेत.

निशिगंध निवडण्यात तिचं धाडसही दिसतं, कारण हे फूल नुसतं गोड नाही. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या बामचा वास. इंडोल असतं, ते जास्त झालं की सडका वास मारतं. ताजी गुलछडी नाकाशी धरून डोळे मिटले तर हा थंड, औषधी झोत आपल्यालाही जाणवतो. बहुतेक अत्तरकार हा भाग झाकतात.

खुडल्यावरही हे फूल वास सोडत राहतं. म्हणून ग्रास या फ्रान्समधल्या अत्तरांच्या गावी काचेच्या चौकटींवर वास शोषून घेणाऱ्या चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरत आणि शिळी झाली की बदलत. आपल्याकडे तिळांत फुलं मुरवून फुलेल तेल काढत, त्याच जातीची ही रीत. आता द्रावकाने अर्क काढतात आणि हजारो किलो फुलांमागे जेमतेम किलोभर मिळतो. जगाला लागणारा निशिगंधाचा अर्क आज मुख्यतः भारतातून जातो, त्यातही कर्नाटक आणि तमिळनाडूतून.

पिगेचं कपड्यांचं दुकान 1951 मध्ये बंद झालं, अत्तरं मात्र चालू राहिली. 1952 मध्ये टाटांनी मुंबईत लॅक्मे सुरू केली, तेव्हा फ्रेंच भागीदारांत रेन्वाबरोबर नाव होतं रॉबेर पिगेचंच. ‘बाई तशी बाटली’ ही फ्रेंच कल्पना इकडे पोचण्याच्या वाटांपैकी ही एक.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. 1953 मध्ये एस्टी लॉडरने ‘यूथ ड्यू’ आंघोळीचं सुगंधी तेल म्हणून आणलं. परफ्यूम ही नवऱ्याने भेट द्यायची वस्तू होती, पण तेलाची बाटली बाई स्वतःच घेऊ शकत होती. 1973 मध्ये रेव्हलॉनने ‘चार्ली’च्या जाहिरातीत पँट घालून ढांगा टाकत चालणारी, स्वतः कमावणारी तरुणी दाखवली. तिच्यासाठी बाटली निवडणारं दुसरं कुणी त्या चित्रात नव्हतंच.