शारीरिक शिक्षा, मुलांना

मुलाला वळण लावण्यासाठी त्याच्या शरीराला जाणूनबुजून वेदना किंवा त्रास देण्याची प्रथा. चापट, धपाटा, फोकाचा (लवचिक डहाळीचा) मार, कान पिळणे, बोटांत पेन्सिल धरून दाबणे हे प्रकार यात येतात. तसेच अंगठे धरायला लावणे, कोंबडा (नागपूरकडे ‘मुर्गा’) करणे, उठबशा आणि उन्हात उभे करणे हेही येतात. दुसऱ्या गटातल्या प्रकारांना ग्रामीण विदर्भात पालक आणि गुरुजी दोघेही सहसा ‘मारणे’ म्हणत नाहीत. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांतले काही छडीपेक्षा धोक्याचे आहेत.

उगम : शिष्याला मारण्याविषयीचे जुने नियम धर्मसूत्रांत, म्हणजे आचारनियमांच्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत, सापडतात. गौतम धर्मसूत्रानुसार शिष्याला न मारता वळवावे. ते जमलेच नाही तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब वापरावी, आणि दुसऱ्या कशाने मारणाऱ्याला राजाने दंड करावा. दुसऱ्या धर्मसूत्राचा कर्ता आपस्तंब चारच उपाय सांगतो : धाक घालणे, उपास, पाण्यात स्नान आणि समोर येऊ न देणे, तेही अपराधाच्या मानाने व खोड सुटेपर्यंत. त्यात मार नाही. या दोहोंतले आधीचे कोणते, याविषयी मतभेद आहेत. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे गौतमाला सर्वांत प्राचीन मानून इ.स.पू. ६०० ते ४०० च्या दरम्यान ठेवतात; संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल आपस्तंबाला आधीचा मानतात आणि दोन्ही ग्रंथ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास आणतात. आपस्तंबाच्या भाषेतली अपाणिनीय (पाणिनीच्या व्याकरणात न बसणारी) रूपे पाहता दुसऱ्या मताकडे कल राहतो. तसे मानल्यास उपलब्ध नियमांपैकी सर्वांत जुन्या यादीत छडी नाही असे ठरते. मनुस्मृतीत (८.२९९–३००) दोरी किंवा वेळूने मारण्याची मुभा आहे, पण पाठीच्याच बाजूला, डोक्यावर कधीही नाही, आणि हा नियम मोडणारा चोराइतका दोषी. ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्’ हे वचन चाणक्याच्या नावावर चालते. मात्र हा सुभाषितसंग्रह अनेक शतके वाढत गेलेला दिसतो. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ ही म्हण सामान्यतः पंतोजींच्या शाळेशी जोडली जाते. परंपरेत मार होता एवढेच सांगून थांबणारे लोक परंपरेनेच त्याला घातलेल्या मर्यादा गाळतात.

विरुद्ध प्रवाहही विदर्भातच होता. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचे (हस्तव्यवसायातून शिकवण्याच्या गांधींच्या पद्धतीचे) केंद्र सेवाग्राम होते, आणि गांधींचा शारीरिक शिक्षेला विरोध होता. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या टॉल्स्टॉय फार्मवर एका मुलाला रूळ मारल्याचा पश्चात्ताप त्यांनी आत्मचरित्रात नोंदवला आहे.

साधने : पश्चिम विदर्भात नाल्याकाठच्या बेशरम या झुडपाचा किंवा निरगुडीचा फोक, पूर्वेकडे बांबूची कमची. तुराटी (तुरीचे वाळके खोड) ठिसूळ असते. ती मोडली की तिचे कुसळ तळहातात जाते. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडाच्या) खुंटांनी कातडी ओरबाडते. फोक आणायला बहुधा विद्यार्थ्यालाच पाठवतात. त्याने वाळका आणला की ओला आणायला परत धाडतात. ओला फोक लवचिक असल्याने मोडत नाही आणि वळ उमटवतो.

परिणामकारकता : फोक बसताच वर्ग चिडीचूप होतो. मुलाला शिक्षा मिळते, पण मारणाऱ्याला या शांततेचे बक्षीस मिळते, म्हणून सवय त्याचीच पक्की होते. वर्तनविज्ञानातील प्रयोगांनुसार (एझरिन व होल्झ, १९६६) शिक्षेने वर्तन दबायचे तर ती तत्काळ, प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून तीव्र असावी लागते. चार वर्ग आणि दोन शिक्षक अशा शाळेत दहा खोड्यांतली एखादीच पकडली जाते, तीही उशिरा. घरी मार चापटीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो. मूल प्रत्येक पायरीला सरावते आणि ‘पोट्टं कोडगं झालं’ ही तक्रार येते. मार लागू पडतो असे वाटण्याचे दुसरे कारण साधे गणिती आहे. मार बसतो तो वागणे सर्वांत बिघडलेल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ते आपोआपच थोडे सुधारते आणि श्रेय फोकाला जाते.

एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांच्या २०१६ च्या विश्लेषणात ७५ अभ्यास व सुमारे १,६०,००० मुले होती. चापटीमुळे वागणे टिकून सुधारल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. आक्रमकता व मानसिक त्रास यांच्याशी मात्र संबंध दिसला. संशोधक रॉबर्ट लार्झेलिअर यांचा आक्षेप असा, की मूळचीच त्रासदायक मुले जास्त मार खातात, त्यामुळे कारण आणि परिणाम उलटे लागू शकतात. तो बिनमहत्त्वाचा नाही. पण त्यांचे समर्थन २ ते ६ वर्षांच्या मुलांपुरते, सौम्य उपाय फसल्यावर उघड्या हाताने दिलेल्या एकदोन चापटींपुरते आहे. शाळेतल्या फोकाला या वादातला कोणताच पक्ष आधार देत नाही.

मार ज्या चुकांसाठी बसतो त्यांतल्या बऱ्याच बेशिस्तीच्या नसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी पोरे आईसोबत वावरात जातात किंवा धाकट्यांना सांभाळतात. परतल्यावर मार बसणार हे ठाऊक असल्याने दोन दिवसांची गैरहजेरी आठवड्याची होते. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया बोलणारे पहिलीतले मूल मराठी प्रश्नाला गप्प राहते. ते गप्प राहणे उद्धटपणा धरले जाते.

इजा : कानशिलात बसलेल्या चापटीने हवेचा दाब पडून कानाचा पडदा फाटू शकतो, कान दुखणे, गुणगुणणे, कमी ऐकू येणे ही लक्षणे, आणि तपासणीपर्यंत कानात तेल किंवा पाणी घालू नये. पट्टीची कड बोटांच्या सांध्यांवर बसल्यास हाड मोडू शकते. उठबशांचा धोका सहसा ओळखला जात नाही. शंभर-दोनशे उठबशांनी मांड्यांचे स्नायू तुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडावर ताण येतो. एकदोन दिवसांत मांड्या ताठरून लघवी चहाच्या रंगाची झाली तर लगेच दवाखाना गाठावा. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. दमछाक, पाण्याची कमतरता, ऊन किंवा गारठा यांमुळे अशा रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि निव्वळ वाहक असलेल्या मुलालाही अतिश्रमाने अपाय झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. त्यामुळे सिकलसेलचे कार्ड असलेल्या मुलाला मैदानाच्या फेऱ्या किंवा उन्हात उभे करणे ही शिक्षा म्हणून देताच येत नाही.

पर्याय : सूचना मुलाजवळ जाऊन, नाव घेऊन, एका वाक्यात द्यावी. नुकसान केले असेल तर भरपाई त्याच कामाची : शाई सांडली तर पुसणे. खेळातून थोडा वेळ बाजूला बसवायचे तर वयाच्या दर वर्षाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब. बहुतेक प्रयत्न फसतात ते पहिल्याच आठवड्यात. मार बंद झाला की मूल हद्द तपासते, दंगा काही दिवस वाढतो, आणि ‘मारल्याबिगर ऐकतच नाही’ असे ठरवून फोक परत येतो. हा चढ ओसरेपर्यंत घरातल्या सर्वांनी एकच पद्धत धरावी लागते. आईने आवरले आणि आजीने हट्ट पुरवला तर चढ लांबतो.

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे (अंमल १ एप्रिल २०१० पासून). हा कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी व आश्रमशाळांच्या वसतिगृहांत बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ उपयोगी पडते, कारण ते १८ वर्षांखालील सर्वांना लागू आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ खालील लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते. अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जात तारीख, वर्ग, मारण्याची वस्तू आणि अवयव लिहावा. वळ काही दिवसांत मावळतात, म्हणून तपासणी त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात करून घ्यावी. तातडीची हेल्पलाइन १०९८.

घरातल्या माराला भारतात स्पष्ट बंदी नाही. १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय दंड संहितेचे कलम ८९ संरक्षण देत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. स्वीडनने घरातही बंदी १९७९ मध्ये आणली.