चंबळच्या खोऱ्यातील बाळपणची सोबत, शपथ आणि मुखबिरी : एक पार्श्वभूमी

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि पुढे तिचेच लश्कर नावाचे शहर झाले. त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना भिंड आणि मुरैनाचे बागी, म्हणजे बंड करून रानात उतरलेले दरोडेखोर, केवळ वर्तमानपत्रातून माहीत झालेले नाहीत. सरदारांच्या जमिनी, शिंदेशाही फौजेतल्या आणि नंतर पोलिसांतल्या नोकऱ्या, कोर्टातली वकिली, शाळांतली मास्तरकी या सगळ्यांतून चंबळ, कुंवारी आणि सिंध या नद्यांच्या घळींतला माणूस त्यांच्या दारापर्यंत येत राहिला. तरीही या माणसांविषयी बोलताना आपण बंदुका, पकड म्हणून नेलेली माणसे आणि डोक्यावरची इनामे यांपलीकडे फारसे जात नाही. टोळी मुळात कशावर उभी राहते, तिच्यातला एक जण दुसऱ्यासाठी जीव का देतो आणि तोच एखाद्या दिवशी त्याला पोलिसांच्या हवाली का करतो, हे समजून घ्यायचे असेल तर एका गावात, एका पारावर वाढलेल्या मुलांच्या नात्यापासून सुरुवात करावी लागते. गेली दोनशे वर्षे राज्यसत्तेनेही नेमका याच नात्याला हात घातलेला आहे. कधी ते फोडण्यासाठी, तर फार थोड्या वेळा ते मान्य करून पुढे जाण्यासाठी.

या इतिहासाचा पहिला मोठा टप्पा ठगांचा, म्हणजे प्रवाशांना फास टाकून मारून लुटणाऱ्या टोळ्यांचा आहे. चंबळ आणि यमुनेच्या संगमाजवळचा सिंदौस परगणा अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या अमलाच्या कडेला होता, आणि तेथील ठगांच्या घरांवर दरघरी कर बसवलेला होता. म्हणजे ही माणसे रानात लपून राहत नव्हती. पेरणी-कापणीच्या दिवसांत ती शेतकरी असत आणि हंगाम संपला की टोळीने बाहेर पडत. त्यांच्यात हिंदू होते तसे मुसलमानही होते. मुलगा वयात येऊ लागला की बापाबरोबर किंवा काकाबरोबर तो पहिल्या सफरीवर जाई. सुरुवातीला त्याला मागे ठेवले जाई, काही दाखवले जात नसे आणि हळूहळू सगळे कळू दिले जाई. रुमालाचा फास टाकण्याची विद्या शिकवणारा गुरू असे, आणि एका गुरूच्या हाताखाली शिकलेली मुले आयुष्यभर गुरुभाई म्हणून राहत. खुनानंतर सर्वांनी मिळून गूळ खाण्याचा विधी होता आणि तो गूळ एकदा खाल्लेला माणूस परत साध्या आयुष्यात जात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. याहून विचारात पाडणारी गोष्ट अशी की, मारलेल्या प्रवाशांची लहान मुले पुष्कळदा जिवंत ठेवली जात आणि ठगांच्याच घरी वाढवली जात. ज्यांनी आपल्या आईबापांना मारले त्यांच्याच मुलांबरोबर ही मुले खेळली, वाढली आणि पुढे त्यांच्याच बरोबरीने वाटेला लागली. निष्ठा रक्तातून येते ही समजूत या एका वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. ती सहवासातून येते.

१८१२ मध्ये कंपनीचा अधिकारी हॅल्हेड याने सिंदौसवर फौज नेली आणि त्या मोहिमेत मॉन्सेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी मारला गेला. त्यानंतर कंपनीच्या फौजेने केलेल्या बंदोबस्ताने ठगांची गावे उधळली गेली, परंतु गावे उधळली म्हणून नाती मोडली नाहीत. कुटुंबे बुंदेलखंडात, माळव्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात पांगली आणि एकमेकांचा पत्ता राखून राहिली. ही नाती मोडण्याची पद्धत कंपनीचा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३० च्या सुमारास बसवली. त्याची हत्यारे साधी होती. पकडलेल्या ठगाला फाशीतून सूट द्यायची, त्याबदल्यात त्याने आपल्या साथीदारांची नावे सांगायची, प्रेते कोठे पुरली ते दाखवायचे आणि रांगेत उभ्या केलेल्या अनोळखी कैद्यांतून आपले जुने सोबती ओळखून द्यायचे. स्लीमनने ठग घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या. कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाचा गुरुभाई, कोणाला कोणी वाढवले, हे सर्व कागदावर आले. या चौकशीत साक्षीचा आधार साक्षीदाराच्या सचोटीत नसून त्याच्या जवळिकीत होता. जो लहानपणापासून सोबत हिंडला, तोच चालीवरून आणि आवाजावरून माणूस ओळखू शकत होता.

या माफीच्या साक्षीदारांत सर्वांत प्रसिद्ध झालेला फिरंगिया प्रथम निसटला होता. स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेतले. त्यांच्यापासून फार दूर जाणे त्याला जमले नाही आणि १८३० च्या अखेरीस तो सापडला. मग त्याने ज्यांच्याबरोबर आयुष्य काढले होते त्यांचीच माहिती दिली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीला जन्मठेप सांगितली; कोणी कोणता खून केला हे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. या मोहिमेत चारशेहून अधिक जणांना फाशी झाली आणि कितीतरी अधिक जण काळ्या पाण्यावर गेले. साक्षीदारांनाही सुटका मिळाली नाही. जबलपूरला त्यांची वेगळी वसाहत झाली, १८३७ च्या सुमारास तेथे उद्योगशाळा निघाली आणि त्यांची मुले तंबू व गालिचे विणायला शिकली. ज्या मुलांनी एरवी एकत्र सफरीवर जायचे ती आता एका भिंतीआड मागावर बसली. पुढे १८४३ ते १८४९ या काळात हाच स्लीमन ग्वाल्हेर दरबारात रेसिडेंट होता, ही गोष्ट आपल्या शहरात फारशी आठवली जात नाही.

इतिहासकारांनी अलीकडे घेतलेला एक आक्षेप येथे नोंदवणे आवश्यक आहे. ठगांविषयीची आपली बहुतेक माहिती स्वतःचा जीव वाचवू पाहणाऱ्या माणसांच्या जबान्यांतून आलेली आहे, आणि ऐकणाऱ्याला जे ऐकायचे होते ते सांगण्याकडे त्यांचा कल असणे स्वाभाविक होते. देवीच्या नावाने खून करणारा अखिल भारतीय पंथ ही कल्पना त्यातूनच फुगली असे मला वाटते. परंतु जबान्यांतला नात्यागोत्याचा भाग वंशावळींशी आणि प्रत्यक्ष ओळखपरेडींशी ताडून पाहिलेला होता, म्हणून तो मी अधिक विश्वासाचा मानतो.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या विचाराला अत्यंत अन्यायी वळण दिले. आता टोळीऐवजी संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरली, आणि १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद झाली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पोटासाठी भटकणाऱ्या जमातींच्या मुलांचे बाळपण ज्या कायद्याने गुन्ह्याचा पुरावा ठरवले, त्याचा डाग त्या समाजांवरून अजून गेलेला नाही. चंबळच्या टोळ्यांना या जमातींच्या पंक्तीला बसवणे चूक आहे. तेथले बागी बहुतांशी शेती असलेल्या, गावात मान असलेल्या घरांतले होते.

त्यांची टोळी कशी बनत असे? बहुतेक वेळा जमिनीच्या बांधावरून, पाण्यावरून किंवा पंचायतीतल्या अपमानावरून दोन घरांत वैर पेटे. एक खून होई, पोलीस आणि महसुली अधिकारी वजनदार बाजूला झुकत, आणि दुसऱ्या बाजूचा तरुण बंदूक घेऊन बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, उतरे. त्याच्याबरोबर प्रथम भाऊ-पुतणे जात आणि मग गावातले लंगोटीयार. आग्रा जिल्ह्यातल्या खेडा राठौर गावचा मानसिंह याच वाटेने गेला. १९५५ मध्ये भिंड जिल्ह्यात तो मारला गेला तेव्हा त्याचा मुलगा सूबेदारसिंह त्याच्या सोबतच पडला. मोठ्या टोळीत बाहेरचा माणूस घ्यायचा तर त्याच्यासाठी कोणीतरी जामीन राहावे लागे, आणि तो जामीन बहुधा त्याचा बाळमित्र असे. पाण्याने भरलेल्या लोट्यात मीठ टाकून घेतलेली शपथ या भागात आजही लहानसहान व्यवहारांत ऐकू येते. बोल मोडणारा त्या मिठासारखा विरघळेल असा तिचा अर्थ आहे. राखी बांधून घेतलेल्या बहिणीच्या गावात दरोडा घालायचा नाही हा दंडकही बऱ्याच टोळ्यांत पाळला जाई.

या निष्ठेची दुसरी बाजू मुखबिराला, म्हणजे पोलिसांच्या खबऱ्याला, होणारी शिक्षा ही होती. भिंड जिल्ह्यातला गब्बरसिंह गुर्जर मुखबिरीच्या संशयावरून लोकांची नाके कापी. नोव्हेंबर १९५९ मध्ये तो पोलीस चकमकीत मारला गेला; त्या वेळी मध्य प्रदेशाचे पोलीस महानिरीक्षक कामठीचे के. एफ. रुस्तमजी होते. मुखबीर हा जवळजवळ नेहमी ओळखीचाच माणूस असे, कारण टोळी कोणत्या घळीत, कोणाच्या घरच्या भाकरीवर आहे हे परक्याला कळण्याचा मार्गच नव्हता. म्हणून पोलिसांचे यश आणि टोळीचे क्रौर्य या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी होता. स्लीमनची पद्धत येथे कागदी वंशावळीशिवाय चालूच राहिली.

तिला पहिला खरा पर्याय दिला तो गागोद्याच्या विनोबांनी. मानसिंहाचा दुसरा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनी तुरुंगात होता. त्याने तेथून विनोबांना पत्र लिहिले. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना पुढे पाठवले आणि मे १९६० मध्ये भिंड-मुरैनाच्या पदयात्रेत वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यांत मानसिंहाच्या टोळीतला लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का होता. रुस्तमजींनी या प्रयत्नावर उघड टीका केली. पोलिसांनी जिवावर उदार होऊन केलेल्या कामाचे तेज त्याने कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही विनोबांनी एका बागीला दुसऱ्याविरुद्ध बोलायला लावले नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

१९७१ मध्ये चंबळचा टोळीप्रमुख माधोसिंह नाव बदलून पवनारला विनोबांकडे गेला आणि विनोबांनी त्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाठवले. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याच्या गांधी सेवा आश्रमात मोहरसिंह, माधोसिंह आणि त्यांच्या टोळ्यांनी शस्त्रे खाली ठेवली. मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांच्या सरकारने फाशी न देण्याचे मान्य केले होते. हे समर्पण टोळ्यांनी एकत्र येऊन केले, यातच त्याच्या यशाचे कारण आहे. सरदार येतो म्हटल्यावर त्याची माणसे आली. ज्या जिव्हाळ्याने त्यांना बीहडात नेले होते त्यानेच त्यांना बाहेर आणले. शिक्षा भोगायलाही त्यांच्यातले बरेच जण मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात एकत्र राहिले.

मात्र या निष्ठेला जातीची कुंपणे होती, आणि ती सर्वांत उघड दिसली ती पुढच्या पिढीत. यमुनाकाठच्या टोळीतला विक्रम मल्लाह ज्यांना वडीलकीचा मान देत होता त्या श्रीराम आणि लालाराम या ठाकूर भावांनी १९८० मध्ये त्याला मारले. त्याची साथीदार फूलनदेवी हिच्यावर झालेले अत्याचार आणि १४ फेब्रुवारी १९८१ रोजी बेहमईत मारले गेलेले वीस जण ही त्याची पुढची परिणती होती. एका चुलीवर जेवलेली माणसे जातीच्या रेषेवर फुटली. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने डकैती आणि अपहरणप्रभावित क्षेत्रांसाठी वेगळा कठोर कायदा केला.

१२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडमध्ये मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यापुढे शस्त्रे ठेवण्याआधी फूलनदेवीने घातलेल्या अटींमध्ये तिच्या टोळीतल्या कोणालाही फाशी होऊ नये, शिक्षा आठ वर्षांपेक्षा जास्त नसावी आणि तिच्या घरच्यांची सोय व्हावी, या अटी होत्या. फाशी कोणाला झाली नाही. तिला स्वतःला मात्र आधी ग्वाल्हेरच्या आणि नंतर तिहारच्या तुरुंगात खटल्याविना अकरा वर्षे काढावी लागली, आणि १९९४ मध्ये ती सुटली.